किमान पगाराचं अनुदान घेऊन नव्या शिक्षकांचे पगार वाढवताना हिशेब कसा मांडायचा? (मिझुरी)

खडूफळा

अमेरिकेतल्या मिझुरी राज्यातल्या एका छोट्या स्कूल डिस्ट्रिक्टच्या (सरकारी शाळा चालवणाऱ्या स्थानिक संस्थेच्या) बजेटसाठी आकडेमोड करायची आहे. राज्याने २०२४ मध्ये सिनेट बिल ७२७ मंजूर केलं आणि २०२५-२६ पासून शिक्षकांचा किमान पगार वर्षाला ४०,००० डॉलर झाला. त्याआधी कायद्यातला आकडा २५,०००च होता. प्रत्यक्षात २०२२-२३ पासून राज्य ३८,०००पर्यंत न्यायला ऐच्छिक अनुदान देत होतं, त्यात ७० टक्के राज्याचे आणि ३० टक्के डिस्ट्रिक्टचे. मीही ७०:३० हेच प्रमाण धरतो आहे.

आपल्या पगाराच्या तक्त्यात नव्या शिक्षकाला, म्हणजे स्टेप (अनुभवाची पायरी) शून्यला, ३४,००० डॉलर आहेत. पुढे दर स्टेपला ६०० वाढतात. एकूण शिक्षक ६०. स्टेप ० वर ५, १ वर ४, २ आणि ३ वर प्रत्येकी ३, ४, ५ आणि ६ वर प्रत्येकी २, आणि ७, ८, ९ वर एकेक, असे २४ जण ४०,००० च्या खाली आहेत. १८ जण स्टेप १० ते १९ मध्ये आहेत, त्यांची सरासरी स्टेप १४. उरलेले १८ जण २० किंवा त्यापुढे.

प्रश्न दोन. नुसता फरक भरून काढायला खरा खर्च किती येईल? आणि जुना तक्ता तसाच ठेवून वर ठिगळ लावावं, की तक्ताच नवा करावा?

जमाखर्च

आधी ठिगळाचा हिशेब. स्टेप ० ला ६,००० कमी पडतात, १ ला ५,४००, २ ला ४,८००, असं उतरत स्टेप ९ ला ६००. माणसांनी गुणून बेरीज केली की १,००,२०० डॉलर येतात. राज्याचे ७०,१४०, तुमचे ३०,०६०.

बहुतेक जण इथेच थांबतात आणि इथेच चुकतात. पगार वाढला की त्यावरचं पेन्शन वाढतं. मिझुरीत शिक्षकांच्या पेन्शन फंडात डिस्ट्रिक्टचा वाटा पगाराच्या १४.५ टक्के आहे. या फंडातल्या शिक्षकांना सोशल सिक्युरिटी (केंद्राची पेन्शन) नसते, त्यामुळे त्याचे ६.२ टक्के धरू नका, पण मेडिकेअरचे (केंद्राच्या ज्येष्ठांसाठीच्या आरोग्यविम्याचे) १.४५ धरा. एकूण १५.९५ टक्के. १,००,२०० वर हे १५,९८२ डॉलर होतात. अनुदानातून हा भाग मिळणार की नाही, हे त्या वर्षीच्या अर्जाच्या सूचनांत बघा. मिळणार नसेल तर तुमचा खर्च ३०,०६० नाही, ४६,०४२ आहे. म्हणजे वाटणी ७०:३० राहत नाही, ६०:४० च्या आसपास येते.

याच्या उलट चूकही होते. काही जण डिस्ट्रिक्टचा सरसकट 'बेनिफिट दर', समजा ३० टक्के, लावून मोकळे होतात. त्या दरात आरोग्यविमाही असतो, आणि विम्याचा हप्ता माणशी ठरलेला असतो. पगार ३४ चा ४० झाला म्हणून तो वाढत नाही. पगारावर टक्क्यांनी चालणाऱ्या गोष्टी तेवढ्याच घ्या.

आता दुसरा प्रश्न. ठिगळ लावलं की स्टेप ० ते १० एका ओळीत येतात. काल रुजू झालेला ४०,००० वर आणि दहा वर्षं शिकवणाराही ४०,००० वर. पर्याय दोन आहेत.

एक, अख्खा तक्ता ६,००० ने वर उचलायचा. ६० गुणिले ६,००० म्हणजे ३,६०,०००, त्यावर १५.९५ टक्के, एकूण ४,१७,४२०. राज्याचे ७०,१४० वजा केले तर ३,४७,२८० तुमच्या खिशातून, दरवर्षी. छोट्या डिस्ट्रिक्टने याचा नाद सोडावा.

दोन, शिडीचा उतार बदलायचा. सुरुवात ४०,००० ला करा आणि दर स्टेपला ६०० ऐवजी ३०० द्या. जुन्या तक्त्यात स्टेप २० ला ४६,००० आहेत, नव्यातही स्टेप २० ला ४६,०००च येतात. तिथे दोन्ही रेषा मिळतात, त्यापुढे काही बदलत नाही. खर्च: खालच्या २४ जणांचे १,२२,१००, मधल्या १८ जणांचे सरासरी १,८०० प्रमाणे ३२,४००, मिळून १,५४,५००. पेन्शन-मेडिकेअर २४,६४३. एकूण १,७९,१४३. राज्याचे ७०,१४० पूर्ण मिळाले तर तुमचे १,०९,००३.

यात नवा शिक्षक आणि दहा वर्षांचा शिक्षक यांच्यात ३,००० चं अंतर राहतं. जुन्या तक्त्यात ते ६,००० होतं, ठिगळात शून्य. मला विचाराल तर हाच मार्ग, पण एका अटीवर, आणि ती अट 'पाया'ची आहे.

अनुदानासाठी फरक मोजताना राज्य कोणता तक्ता धरतं? गोठवलेला जुना तक्ता धरत असेल तर ७०,१४० मिळत राहतील. डिस्ट्रिक्टच्या बोर्डाने मंजूर केलेला चालू तक्ता धरत असेल, तर ४०,००० पासून सुरू होणारा नवा तक्ता मंजूर करताच कागदावर फरकच उरत नाही, आणि अनुदान शून्य. आपल्या हातानेच आपला हक्क खोडल्यासारखं. बोर्डाच्या बैठकीआधी राज्याच्या शिक्षण विभागाकडून हे लेखी घ्या. फोनवरच्या 'हो' ला ऑडिटमध्ये किंमत नसते.

खडूफळा

पायाचा मुद्दा डोक्यातच नव्हता. मग ठिगळ तरी सुरक्षित ना? जुना तक्ता तसाच राहिला तर राज्याचा पैसा येत राहील.

जमाखर्च

येत राहील, पण आटत आटत. एका शिक्षकावर करून बघा. या वर्षी ती स्टेप ० वर आहे. तक्त्यातले ३४,०००, फरक ६,०००, त्यात राज्याचे ४,२०० आणि तुमचे १,८००. पुढच्या वर्षी ती स्टेप १ वर जाते. तक्त्यातले ३४,६००, फरक ५,४००, राज्याचे ३,७८०, तुमचे १,६२०. तिच्या हातात दोन्ही वर्षी ४०,०००च.

म्हणजे ६०० ची वाढ तुम्ही दिलीत, आणि त्यातले ४२० राज्याची जागा भरण्यात गेले. तिला दमडी मिळाली नाही. २४ जण जागेवरच राहिले तर वर्षाला १०,०८० डॉलर राज्याच्या खात्यातून तुमच्या खात्यावर सरकतात.

गंमत अशी की माणसं सोडून गेली आणि त्यांच्या जागी नवी स्टेप ० वर आली, तर अनुदान पुन्हा भरतं. शिक्षक टिकवणाऱ्या डिस्ट्रिक्टला कमी, ज्याची गळती चालू त्याला जास्त. किमान पगाराच्या बहुतेक योजनांत ही खोट असते. मागे राहिलेल्याला पैसा मिळतो. ज्याने आधीच पदरमोड करून ३९,५०० केले होते, त्याला माणशी ५०० चा फरक.

ओसरीवरून

फ्लोरिडाने फरकाच्या भानगडीत न पडता वेगळी वाट धरली, आणि वेगळ्या खड्ड्यात गेली. २०२० च्या कायद्याने ५० कोटी डॉलर काढले. त्यातले ४० कोटी किमान पगार ४७,५०० पर्यंत न्यायला किंवा जमेल तितका वर उचलायला, आणि १० कोटी बाकीच्या शिक्षकवर्गाला. वाटप मात्र फरकावर नाही, डिस्ट्रिक्टच्या मूळ निधीच्या प्रमाणात. परिणामी ज्याचा सुरुवातीचा पगार आधीच बरा होता तो पहिल्याच वर्षी ४७,५०० ला टेकला, आणि ज्याचा पगार फार खाली होता तो तेवढ्याच माणशी रकमेत अर्ध्या वाटेवर अडकला. त्यात मागे राहिलेल्याला बक्षीस नव्हतं, हे खरं. पण गरज कुठे आहे तेही कोणी पाहिलं नाही.

त्या कायद्यातली व्याख्याही लक्षात ठेवण्यासारखी होती. ८० टक्क्यांचा हिस्सा फक्त 'वर्गशिक्षकां'साठी. समुपदेशक आणि ग्रंथपाल त्यात बसत नव्हते, त्यांना उरलेल्या २० टक्क्यांतच वाटा. एकाच तक्त्यावर असलेले दोन लोक, एकाला आठ हजारांची उडी आणि दुसऱ्याला काही शे. कोणत्याही राज्याचं अनुदान घेताना पहिलं पान 'कोणाला शिक्षक म्हणायचं' या व्याख्येचं वाचा, रकमेचं नंतर.

आणि २० टक्क्यांत जुन्या लोकांची शिडी दुरुस्त होत नाही, हे साध्या भागाकाराने कळतं. फ्लोरिडाचा सुरुवातीचा पगार वर गेला, पण सरासरी पगारात राज्य देशात तळाशीच राहिलं. कारण वर्षानुवर्षांच्या अनुभवाचे पैसे त्या पाचव्या हिश्शात मावत नाहीत. वर २०११ च्या कामगिरी-वेतन कायद्याची अट होती: 'हायली इफेक्टिव्ह' शेरा मिळालेल्याची वाढ जुन्या श्रेणीतल्या सर्वांत मोठ्या वाढीपेक्षा जास्त हवी. त्यामुळे मधल्या लोकांना सावकाश वर सरकवण्याचा साधा मार्गही अरुंद झाला.

मधली फळी

इथे सगळे शून्य स्टेपवर बोलत आहेत, म्हणून दुसरी बाजू मांडतो. टेक्सासने २०२५ च्या हाउस बिल २ मध्ये नेमकं उलटं केलं. ५,००० पर्यंत विद्यार्थी असलेल्या डिस्ट्रिक्टमध्ये ३-४ वर्षं अनुभवाच्या शिक्षकाला ४,००० डॉलर, ५ किंवा अधिक वर्षांना ८,०००. मोठ्या डिस्ट्रिक्टमध्ये २,५०० आणि ५,०००. तीन वर्षांपेक्षा कमी अनुभवाला या भत्त्यातून काही नाही. हेतू उघड आहे: माणूस येतो, तिसऱ्या-चौथ्या वर्षी कंटाळून जातो, तर पैसा तिथे लावा.

पण इथेही उंबरठा आहे. दोन वर्षं अनुभवाचा आणि तीन वर्षं अनुभवाचा शिक्षक यांच्या पगारात एका रात्रीत फट पडते. उंबरठे खर्चिक नसतात, म्हणून विधिमंडळांना आवडतात. आयोवाने २०२४ मध्ये दोन उंबरठे ठेवले: किमान ४७,५०० आणि १२ वर्षांच्या अनुभवाला ६०,०००. पुढच्या वर्षी तेच ५०,००० आणि ६२,०००. पहिला आणि बारावा मजला राज्याने बांधून दिला. मधले दहा जिने डिस्ट्रिक्टने आपल्या पैशातून बांधायचे.

अर्कान्सासने तर जिनेच काढून टाकले. २०२३ च्या लर्न्स कायद्याने किमान पगार ३६,००० वरून ५०,००० केला. वरच्यांना किमान २,००० ची वाढ दिली, आणि अनुभवाप्रमाणे चढत जाणारा राज्याचा सक्तीचा तक्ता रद्द केला. नवख्यासाठी उत्तम. दहाव्या वर्षी आपला पगार कुठे असेल हे कायदा वाचून मात्र कळत नाही, ते डिस्ट्रिक्टच्या मर्जीवर. शिवाय निधी मिळवायला वर्षाला १७८ दिवस किंवा १,०६८ तास प्रत्यक्ष वर्ग भरवण्याची अट. पगाराच्या पैशाला कॅलेंडर बांधलेलं असतं ते असं.

ओसरीवरून

कॅलेंडरची अट मिझुरीतही आहे, थोडी गोड भाषेत. त्याच सिनेट बिल ७२७ मध्ये १६९ किंवा अधिक दिवस शाळा भरवणाऱ्या डिस्ट्रिक्टला वेगळी जादा मदत आहे, आणि ती शिक्षकांच्या पगारासाठी. चार दिवसांच्या आठवड्याकडे वळलेल्यांना परत ओढायची ती युक्ती. खडूफळा, तुमचा आठवडा पाच दिवसांचा असेल तर हा पैसा वेगळ्या ओळीत धरा. किमान पगाराचं 'बेसलाइन' अनुदान फक्त खालच्यांच्या फरकासाठी, ही मदत मधल्यांसाठी वापरता येते का ते तपासा. जमाखर्च यांच्या दुसऱ्या पर्यायातले मधल्या १८ जणांचे ३२,४०० इथून निघू शकतील.

जमाखर्च

बरोबर. मधल्यांसाठी आणखी एक खिसा आहे, मिझुरीची 'करिअर लॅडर' योजना. राज्य ६० टक्के, डिस्ट्रिक्ट ४०. टप्पे तीन: १,५००, ३,००० आणि ५,००० डॉलर. २०२२ च्या बदलानंतर पात्रता दोन वर्षांच्या सेवेनंतर सुरू होते, आधी पाच वर्षं लागत. पण हा पैसा शाळेच्या वेळेबाहेरच्या जादा कामाचा आहे, कामाच्या नोंदी ठेवाव्या लागतात. आणि किमान पगार मोजताना तो धरता येत नाही.

हे शेवटचं वाक्य अधोरेखित करा. कायद्यात 'पगार' म्हणजे करारावर लिहिलेली, डिस्ट्रिक्टच्या मूळ तक्त्यावरून ठरलेली रक्कम. बास्केटबॉलच्या कोचिंगचे, बस ड्युटीचे, वार्षिकांकाचे पैसे त्यात नाहीत. ३८,२०० अधिक कोचिंगचे २,००० म्हणजे ४०,२००, झालं काम, असं समजणारा करार नियमात बसत नाही. मागाहून फरक द्यावा लागतो, तोही बहुधा पूर्ण आपल्या पैशातून, कारण अनुदानाची यादी तोवर बंद झालेली असते.

खडूफळा

वेळेचं कसं जुळवायचं? करार वसंतात निघतात आणि राज्याची तरतूद त्यानंतर.

जमाखर्च

हीच खरी जोखीम. प्रोबेशनवरच्या शिक्षकांना पुढच्या वर्षी ठेवणार की नाही हे १५ एप्रिलपर्यंत कळवावं लागतं. विधिमंडळाने बजेट मंजूर करण्याची घटनेतली मुदत मे महिन्यातल्या पहिल्या सोमवारनंतरचा शुक्रवार. राज्यपालांची कात्री त्यानंतर, आणि आर्थिक वर्ष १ जुलैला सुरू. म्हणजे तुम्ही शब्द देता तेव्हा पैसा कागदावरही नसतो.

४०,००० हा आता कायद्याचा आकडा आहे, तो अनुदान आलं नाही तरी द्यावाच लागेल. किमान पगाराची सक्ती कायम आणि अनुदान दरवर्षीच्या तरतुदीवर, ही या रचनेतली सर्वांत कच्ची वीट. इलिनॉयने २०१९ मध्ये किमान पगार ठरवला तेव्हा वेगळं अनुदानच ठेवलं नाही. ३२,०७६, ३४,५७६, ३७,०७६ आणि २०२३-२४ ला ४०,००० असे चार वर्षांचे टप्पे दिले आणि पैसा नेहमीच्या फॉर्म्युल्यातून काढा म्हटलं. कठोर, पण निदान प्रत्येक डिस्ट्रिक्टला पुढच्या चार वर्षांचा आकडा आधी माहीत होता.

तुमच्यासाठी: बजेट दोन स्तंभांत मांडा. एकात अनुदान पूर्ण आलं असं, दुसऱ्यात शून्य आलं असं. दुसऱ्या स्तंभात फक्त ठिगळाचा खर्च १,१६,१८२ आहे, म्हणजे १,००,२०० अधिक १५,९८२. एवढी रक्कम राखीव निधीतून एक वर्ष पेलते का? पेलत असेल तर तक्ता बदलायचा विचार करा. पेलत नसेल तर आधी राखीव निधी, मग तक्ता. आणि एकदाच आलेल्या पैशाने, कोविडकाळातला केंद्राचा निधी असो की शिल्लक असो, तक्त्याचा आकडा हलवू नका. त्यातून बोनस द्या, तक्ता नको. तक्त्यावर चढवलेला डॉलर दरवर्षी मागायला येतो आणि सोबत पेन्शनलाही घेऊन येतो.

मधली फळी

पेन्शनवरून एक भर. युटाने २०२३ मध्ये ६,००० डॉलरची वाढ जाहीर केली, त्यात हातात येणारा पगार ४,२०० आणि बेनिफिट १,८०० असा हिशेब होता. सहा हजारांचा मथळा वाचून पगाराची स्लिप पाहणाऱ्यांचा हिरमोड झाला असेल, पण आकडा प्रामाणिक होता. दर ठरवणाऱ्याने दोन्ही आकडे शेजारी शेजारी लिहावेत. तुमच्या बोर्डाच्या टिपणातही असंच करा, नाहीतर सभेत 'अनुदान सत्तर हजारांचं, मग खर्च पावणेदोन लाखांचा कसा' या एका प्रश्नावरच तास जाईल.

३०० च्या स्टेपबद्दलही आधीच बोलून ठेवा. दुसऱ्या पर्यायात स्टेप ११ ची शिक्षिका आज २,७०० ने वर जाते, पण पुढची नऊ वर्षं तिला दरवर्षी ६०० ऐवजी ३०० च मिळतील आणि स्टेप २० ला ती जिथे जाणार होती तिथेच पोचेल. ती हे पहिल्याच संध्याकाळी कॅल्क्युलेटरवर काढणार. तिला मिळालं ते फक्त लवकर मिळालं, शेवटी जास्त नाही. हे लपवलं तर वाढ देऊनही शिव्या खाल.

तळटीप

सगळ्यांनी एकाच किमान पगाराबद्दल लिहिलं आहे. मिझुरीत दोन आहेत. मास्टर्स पदवी आणि किमान १० वर्षांचा अनुभव असेल तर २०२५-२६ ला ४६,०००, पुढच्या वर्षी ४७,०००, २०२७-२८ ला ४८,०००. खडूफळा यांच्या तक्त्यात स्टेप १० ला ४०,००० आहेत. जमाखर्च यांच्या नव्या तक्त्यातही ४३,०००च येतात. मास्टर्सवाल्यांसाठी वेगळा रकाना ६,००० पेक्षा कमी फरकाचा असेल तर जुन्या तक्त्यात नियम मोडतो. नव्यात ३,००० चा फरक पहिल्या वर्षी पुरतो, दुसऱ्या वर्षी नाही.

पण मास्टर्स कोणतीही चालत नाही. कायद्याचे शब्द असे की पदवी शैक्षणिक विषयातली आणि शिक्षक जो विषय शिकवतो त्याच्याशी थेट संबंधित हवी. गणित शिकवणाऱ्याची शाळा-प्रशासनातली मास्टर्स आपोआप त्यात बसेल असं धरू नका. तसंच १० वर्षं अनुभवाची पण नुसत्या बॅचलर्सची शिक्षिका ४०,००० च्याच नियमात राहते. नावनिशीवार यादी करा: पदवी, विषय, सध्याचा वर्ग, पब्लिक स्कूलमधली अनुभवाची वर्षं. स्टेप आणि अनुभव एकच नसतात. दुसऱ्या डिस्ट्रिक्टमधून आलेल्याला तुम्ही १२ वर्षांपैकी ८ च मोजून स्टेप ८ वर बसवलं असेल, तरी कायद्याला त्याची वर्षं १२ आहेत.

खडूफळा

हे शेवटचं फारच उपयोगाचं. आपल्याकडे बाहेरून आलेल्यांना आठच वर्षं मोजतात, आणि स्टेप ८ वर असा एक जण आहेच. त्याची मास्टर्स गणितात आहे आणि तो गणितच शिकवतो. म्हणजे २४ च्या यादीतला एक माणूस ४०,००० वर नाही, ४६,००० वर न्यायचा. त्याचा फरक १,२०० वरून ७,२०० होतो. बेरीज १,०६,२००, पेन्शन-मेडिकेअर धरून १,२३,१३९. मास्टर्सचा वेगळा रकाना नाही, त्यामुळे स्टेप १० ते १९ मधल्या १८ जणांच्या ट्रान्स्क्रिप्टही काढाव्या लागणार. पायाबद्दलचं पत्र उद्या विभागाला पाठवतो.